पडद्यामागचा काळा थर

सकाळी उजाडलं की आपल्या डोळ्यांत सफाई सुरू होते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर रेटिना असतो. दवाखान्यात डॉक्टर आणि पेशंट दोघंही त्याला सरळ ‘पडदा’ म्हणतात. त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं वापरून वापरून निकामी होत जातात. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी तर सकाळचा उजेड पडल्यावर थोड्याच वेळात ती टोकं टाकून देतात आणि पडद्याच्या मागचा एक काळसर थर ती गिळून पचवतो. रोज साधारण दहावा हिस्सा असा जातो आणि दुसऱ्या बाजूने तेवढाच नवा वाढतो. म्हणजे आज या पेशींची जी टोकं आहेत, त्यांतलं पंधरवड्यानंतर जवळजवळ काहीच उरलेलं नसेल.

हा काळा थर फक्त एका पेशीइतका जाड असतो. षटकोनी पेशी, फरशी बसवावी तशा एकीला एक चिकटून बसलेल्या. प्रत्येकीच्या वाट्याला प्रकाश टिपणाऱ्या तीस-एक पेशी. त्यांना मागच्या रक्तवाहिन्यांतून पोषण पोचवायचं, वापरून झालेलं अ जीवनसत्त्व पुन्हा कामाजोगं करून द्यायचं आणि तो रोजचा कचरा पचवायचा. आणि मोठेपणी या पेशी जवळपास विभागतच नाहीत. लहानपणी मिळालेल्या पेशीच ऐंशी-नव्वद वर्षं हे काम करतात. मला यातलं हेच सगळ्यात थक्क करणारं वाटतं.

वयोमानाने हा थर थकला, की पहिला फटका पडद्याच्या मध्यबिंदूला, मॅक्युलाला बसतो. दाराची सरळ चौकट वाकडी दिसायला लागते. पेपरातल्या ओळीतला मधलाच शब्द गायब होतो. समोरच्या माणसाचे कान, खांदे दिसतात, पण चेहरा दिसत नाही. घरी सगळ्यांना वाटतं मोतीबिंदू असेल, पण मोतीबिंदू काढला तरी मधला डाग जात नाही. या आजाराच्या ‘ओल्या’ प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून झिरपतात. त्या आवरण्यासाठी डोळ्यात द्यायची चांगली इंजेक्शनं आज आहेत. पण मेलेली पेशी कुठलंच इंजेक्शन परत आणत नाही.

मग नव्या पेशी आणायच्या कुठून? याचं उत्तर जपानमधून आलं. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशींत फक्त चार जनुकं घातली. चोवीस जनुकांच्या यादीतून ही चार निवडून काढली होती. तेवढ्यावर त्या पेशी आपण त्वचा आहोत हे जणू विसरल्या आणि गर्भातल्या पेशींसारख्या कोऱ्या झाल्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल्स. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतही हे साधलं. बेडकाच्या आतड्यातल्या पेशीच्या केंद्रकापासून बेडकाचं नवं पिल्लू घडू शकतं, हे इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी 1962 मध्येच दाखवलं होतं. यामानाकांचा जन्मही त्याच वर्षीचा. 2012 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

कोऱ्या पेशीपासून डोळा घडवता येतो का, हे कोबे शहरातल्या रिकेन संस्थेत योशिकी ससाई पाहत होते. त्यांच्या गटाने उंदराच्या गर्भपेशींचा छोटा गोळा पोषक द्रवात तरंगत ठेवला. शेजारी ना मेंदू होता, ना भिंग, ना कवटी. काही दिवसांत त्या गोळ्याला फुगवटा आला, मग तो फुगवटा आपोआप आत वळला आणि त्याची वाटी झाली. वाटीच्या आतल्या बाजूला पडदा, बाहेरच्या बाजूला काळा थर. गर्भात डोळा नेमका असाच घडतो. 2011 मध्ये हे प्रसिद्ध झालं. डोळ्याचा आराखडा त्या पेशींतच होता आणि तो उलगडायला बाहेरून कुणाला साचा द्यावा लागला नाही.

याच रिकेनमध्ये मासायो ताकाहाशी यांनी सत्तरीतल्या एका बाईंच्या त्वचेचा छोटा तुकडा घेतला. त्यांना ओल्या प्रकारचा आजार होता. त्वचेपासून स्टेम सेल्स आणि स्टेम सेल्सपासून काळ्या थराच्या पेशी, असं करायला कित्येक महिने गेले. बशीतल्या पेशी जमल्या की नाही, हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं, कारण त्यांच्यात रंग भरू लागतो आणि पारदर्शक बशीवर तपकिरी ठिपके उमटतात. त्यातून 1.3 बाय 3 मिलिमीटरची चकती कापली. 12 सप्टेंबर 2014 रोजी सर्जन यासुओ कुरिमोतो यांनी वाढलेल्या रक्तवाहिन्या काढून ती चकती पडद्याखाली सरकवली. यामानाकांच्या रीतीने घडवलेल्या पेशी माणसाच्या शरीरात बसवण्याची ही जगातली पहिलीच वेळ होती. वर्षभरानंतर चकती जागेवर शाबूत होती. नजर सुधारली नव्हती, पण आणखी बिघडलीही नव्हती.

दुसऱ्या पेशंटसाठीही पेशी तयार होत्या. त्या पेशींची जनुकं तपासली तेव्हा काही बदल आढळले. त्यातून पुढे गाठ होईल की काय, अशी शंका होती. ऑपरेशन थांबवलं गेलं. जगाचं लक्ष लागलेलं असताना तयार पेशी बाजूला ठेवायला मोठं धैर्य लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयात गर्भपेशींपासून केलेला असाच थर दोघांच्या डोळ्यात बसवला. 2018 मध्ये निकाल आले. ज्यांना वाचणं जवळपास अशक्य झालं होतं, त्यांतला एक पेशंट वर्षभराने मिनिटाला ऐंशीहून जास्त शब्द वाचत होता, तर दुसरा पन्नासच्या आसपास. दोनच पेशंट, त्यामुळे यावरून सगळ्यांना आश्वासन देता येत नाही. पण वाचता येणं म्हणजे काय, हे ज्याचं वाचन गेलंय त्याला विचारा.

याच आशेचा बाजारही झाला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटावरची चरबी काढून त्यातल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या आणि प्रत्येकीकडून 5,000 डॉलर घेतले. तिघींचीही नजर कमालीची गेली. 2017 मध्ये डॉक्टरांनी हे जाहीर केलं. त्या क्लिनिकच्या कामाची नोंद चाचण्यांच्या सरकारी यादीतही होती, म्हणून यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबू नका.

भारतात पडद्याच्या आजारावर स्टेम सेल हा अजून मान्य उपचार नाही. परवानगी मिळालेल्या चाचणीतच तो देता येतो आणि अशा चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. कुणी पैसे मागितले, किंवा दोन्ही डोळ्यांना एकदम इंजेक्शन देऊ म्हणालं, तर तिथून उठून या. आणि घरात कुणाला चौकट वाकडी दिसत असेल, तर स्टेम सेलची वाट पाहत बसू नका. याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा. ओल्या प्रकारात आजचं इंजेक्शन वेळेवर मिळालं, तर उरलेली नजर बहुतेकदा टिकते.