हप्ता भरला, तरी गाडी विम्याविना? चूक कंपनीची असेल तर दाद कुठे मागायची?

नाक्यावर पोलीस गाडी थांबवतात, क्रमांक तपासतात आणि सांगतात, ‘‘इन्शुरन्स संपलाय.’’ तुम्ही तर महिन्याभरापूर्वीच नूतनीकरण केलेले असते. खात्यातून पैसे गेल्याचा संदेशही मोबाइलमध्ये असतो. विमा कंपनीला फोन लावला की उत्तर येते, ‘‘सर, सिस्टीममध्ये पॉलिसी दिसत नाही.’’ चूक कंपनीची, पण रस्त्यावर उत्तर द्यावे लागते तुम्हाला. अशा वेळी नेमके काय करायचे?

विमा नसेल तर धोका किती?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १४६ नुसार किमान थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणल्यास कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये.

पण दंड ही त्यातली लहान गोष्ट आहे. विमा नसताना अपघातात कुणी जखमी झाले किंवा दगावले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई गाडीमालकाच्या खिशातून जाते. ही रक्कम अनेक लाखांत असू शकते. म्हणूनच ‘बघू नंतर’ म्हणून हा विषय टाळू नये.

चूक नेमकी कुठे होते?

आधी एक गोष्ट तपासा. पॉलिसी आहे पण सरकारी नोंदीत दिसत नाही, की पॉलिसीच निघालेली नाही?

पहिल्या प्रकारात कंपनीकडून ‘वाहन’ प्रणालीत माहिती पोहोचलेली नसते किंवा नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक यातला एखादा आकडा चुकलेला असतो. पॉलिसी वैध असते. दुरुस्ती म्हणजेच एंडोर्समेंट करून घेतली की प्रश्न सुटतो. तोवर पॉलिसीची प्रत मोबाइलमध्ये ठेवा.

दुसरा प्रकार गंभीर आहे. पैसे कापले गेले पण पॉलिसी तयार झाली नाही, एजंटने रक्कम वेळेत जमा केली नाही किंवा कंपनीने दुसऱ्याच गाडीची समजून तुमची पॉलिसी रद्द केली, असे यात घडते.

पैसे गेले म्हणजे विमा झाला का?

नेहमीच नाही. विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४ व्हीबी सांगते की, हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. हप्ता मिळाला, पण कंपनीने प्रस्ताव स्वीकारलाच नाही, असा बचाव ती घेऊ शकते. म्हणून पॉलिसी क्रमांक आणि विमा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नका.

याच कलमात ग्राहकाच्या बाजूचीही तरतूद आहे. एजंटने घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून २४ तासांच्या आत कंपनीकडे पोहोचवला पाहिजे. पॉलिसी रद्द झाल्यास परतावा थेट विमाधारकाला द्यायचा असतो, एजंटच्या खात्यात नाही.

पॉलिसी रद्द झाल्याचे कळवलेच नसेल तर?

सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ मधील एक निकाल इथे महत्त्वाचा आहे. हप्त्याचा धनादेश वटला नाही म्हणून कंपनीने पॉलिसी रद्द केली, पण अपघातापूर्वी ते मालकाला कळवले नव्हते. अशा स्थितीत थर्ड पार्टीला भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते, असे न्यायालयाने सांगितले. त्यामुळे ‘रद्द केल्याचे मला केव्हा आणि कसे कळवले?’ हा प्रश्न कंपनीला लेखी विचारा.

पहिल्या दोन दिवसांत काय कराल?

१) गाडी चालवणे थांबवा. चूक कुणाचीही असो, या काळात अपघात झाला तर वाद तुमच्या गळ्यात पडेल.

२) पैसे गेल्याचा संदेश, व्यवहार क्रमांक, बँकेचा उतारा, एजंटशी झालेले चॅट आणि जुनी पॉलिसी यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

३) कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. फोनवर बोलणे झाले तरी तेच लेखी पाठवा. तक्रार क्रमांक घ्या.

४) मागणी स्पष्ट लिहा : मूळ तारखेपासून संरक्षण सलग असल्याचे पत्र, नोंदीतील दुरुस्ती, नो क्लेम बोनस कायम ठेवणे आणि भरावा लागलेला दंड.

५) गाडी वापरणे भागच असेल, तर दुसरी पॉलिसी घ्या, पण ‘मूळ तक्रारीवरील हक्क राखून घेत आहे’ असे कंपनीला कळवा. कंपनीने परस्पर पैसे परत केले, तरी तक्रार मागे घेतलेली नाही, असे लगेच लिहा.

नो क्लेम बोनसची मुदतही विसरू नका. जुनी पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर वर्षानुवर्षे जमवलेली सवलत जाते.

कंपनीने दाद दिली नाही तर?

तक्रारीवर साधारण दोन आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. तो आला नाही किंवा पटला नाही, तर विमा नियामक ‘इर्डाई’च्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. १५५२५५ हा टोल फ्री क्रमांकही आहे. इर्डाई स्वतः निवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागते.

निवाडा हवा असेल तर विमा लोकपालाकडे जा. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर तिथे जाता येते. तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाची मुदत असते. शुल्क नाही, वकील लागत नाही. लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंत भरपाई देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत. तक्रार ऑनलाइनही करता येते.

जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मात्र क्रम लक्षात ठेवा. ग्राहक आयोगात प्रकरण सुरू असेल, तर लोकपाल ते ऐकत नाहीत. म्हणून आधी लोकपाल आणि समाधान झाले नाही तर आयोग, हा क्रम सोयीचा.

चलन आले असेल तर?

त्या दिवशी पॉलिसी वैध होती आणि केवळ नोंद चुकली होती, तर घाईने दंड भरू नका. दंड भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे. कंपनीचे पत्र व पॉलिसी जोडून ई-चलन पोर्टलवर हरकत नोंदवा. तिथे दाद मिळाली नाही, तर न्यायालयात म्हणणे मांडता येते.

पुढच्या वेळी काय काळजी घ्याल?

नूतनीकरण शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आठ-दहा दिवस आधी करा. पॉलिसी हाती आली की नाव, नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि तारखा आरसी पुस्तकाशी ताडून पाहा. आठवड्याभराने ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर विम्याची तारीख बदलली का, तेही बघा. या तपासणीला पाच मिनिटे लागतात; न केल्यास नाक्यावर किंवा न्यायाधिकरणात उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर येते.