विश्लेषण : लेप्टोच्या तापात मधुमेहींची साखर का बिघडते? पेज, शहाळे, उसाचा रस चालतो का?

पावसाळ्यात रेवदंडा-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत पाणी साचते, शेतांत लावणी सुरू होते आणि त्याच दिवसांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. ताप मलेरियाचा, डेंग्यूचा की लेप्टोचा हे रक्ततपासणीत ठरेपर्यंत घरात पथ्यपाणी सुरू झालेले असते. पेज, शहाळे, ग्लुकोजची पावडर आणि डोळे पिवळे दिसले की उसाचा रस. एरवी हे खपून जाते. रुग्णाला मधुमेह असेल, तर हेच पथ्य आणि रोजच्या गोळ्या मिळून त्याला तापाआधी साखरेनेच अडचणीत आणू शकतात.

लाइम रोगाचा येथे काय संबंध?

संसर्ग, रक्तातील साखर आणि आहार यांची चर्चा परदेशात लाइम रोगाच्या निमित्ताने बरीच होते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या लाइम या गावावरून १९७०च्या दशकात त्याला हे नाव मिळाले. तो विशिष्ट जातीच्या गोचिडीच्या चाव्यातून होतो. भारतात त्याच्या नोंदी तुरळक आहेत, त्याही ईशान्य भारत, हिमालयाचा पायथा, केरळमधील वायनाड अशा भागांतून. रायगडच्या किनाऱ्यावरील डॉक्टर पावसाळी तापात लाइमचा नव्हे, लेप्टोचा विचार करतात.

पण हे दोन्ही जंतू एकाच कुळातले, मळसूत्रासारखे पिळदार. डॉक्सीसायक्लिन आणि सेफ्ट्रियाक्सोन ही प्रतिजैविके दोन्ही रोगांत वापरली जातात. त्यामुळे लाइमच्या रुग्णाला पडणारे साखरेचे प्रश्न लेप्टोच्या रुग्णालाही पडतात. लेप्टो मूत्रपिंड आणि यकृतावर घाला घालतो, म्हणून येथे ते अधिक गंभीर होतात.

लाइमच्या चर्चेतून आलेला एक सल्ला मात्र सोडून द्यावा : साखर-भात पूर्ण बंद करा, म्हणजे जंतू उपाशी मरतील. आपण काही खाल्ले नाही तरी यकृत रक्तात साखर सोडतच राहते. शिवाय लेप्टोच्या जंतूचे पोट साखरेवर नव्हे, मेदाम्लांवर भरते. उपाशी राहतो तो रुग्णच.

मधुमेहींना लेप्टोचा धोका अधिक का?

उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोचा जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरतो. पायावरची जखम, भेगा, नाका-डोळ्यांची त्वचा यांतून तो शरीरात शिरतो. मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना कमी झालेली असते. लावणी करताना किंवा वाडीत अनवाणी फिरताना शिंपला लागला, काटा रुतला, तरी कळत नाही. जखमही लवकर भरत नाही. पाण्यातून आल्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल होतात. पुढे कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे ही धोक्याची पायरी. शेतात, चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. निदान त्याच एका वाक्याने लवकर होऊ शकते.

साखर वर जाते, मग खाली कशी येते?

ताप आला की शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनॅलिन अशी ताणाची संप्रेरके सोडते. ती इन्सुलिनचे काम अडवतात आणि यकृताला जास्त साखर सोडायला लावतात. त्यामुळे रुग्ण दोन दिवस नीट जेवला नसला तरी साखर अडीचशे-तीनशेवर दिसू शकते. घरचे मग गोळी चुकू देत नाहीत, उलट जेवण आणखी कमी करतात.

अडचण इथूनच वाढते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. उलट्या होत आहेत, पेजही टिकत नाही आणि गोळी मात्र वेळेवर गेली, की साखर घसरते. लेप्टोने मूत्रपिंड मंदावले असेल तर गोळीचा आणि इन्सुलिनचा अंश शरीरातून बाहेर पडत नाही, असर लांबतो. यकृत सुजले असेल तर साखरेचा राखीव साठाही वेळेला हाताशी येत नाही. डॉक्सीसायक्लिन घेताना साखर उतरल्याच्या मोजक्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. रात्री घाम फुटून रुग्ण असंबद्ध बोलू लागला तर घरच्यांना वाटते ताप उतरतोय किंवा ताप डोक्यात गेलाय. त्या क्षणी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासणे हा एकच शहाणपणा.

रोजच्या गोळ्या सुरू ठेवायच्या की बंद?

स्वतःच्या मनाने दोन्ही करू नये. गोळ्यांची नावे दाखवून पहिल्याच दिवशी विचारावे, कारण प्रत्येक गोळीचे उत्तर वेगळे आहे. मूत्रपिंड बिघडले असेल तर मेटफॉर्मिन थांबवावी लागते, नाहीतर रक्तात आम्ल साठण्याचा धोका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या उपाशीपोटी आणि पाणी कमी झालेल्या शरीरात साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी करू शकतात. आजारपणात त्या सहसा थांबवल्या जातात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन मात्र जेवण नाही म्हणून पूर्ण बंद करायचे नसते.

आणखी एक. तापावर घरात उरलेले प्रतिजैविक घेण्याची सवय आपल्याकडे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील औषधे मधुमेहींची साखर दोन्ही दिशांना हलवतात. याच गटातील गॅटिफ्लॉक्सासिनच्या गोळ्या-इंजेक्शनांवर भारताने २०११ मध्ये बंदी घातली, त्यामागे साखरेतील हे चढउतारच होते.

मग खायचे काय?

पेज वाईट नाही. मऊ शिजलेल्या तांदळाची साखर रक्तात पटकन चढते आणि पेजेत प्रथिने जवळपास नसतात, एवढेच. काहीच टिकत नसेल आणि गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर दर दोन-तीन तासांनी वाटीभर पेज हवीच. तोंडाला चव आली की तिच्यात मुगाची डाळ घालून आटवल करावी, सोबत ताक किंवा उकडलेले अंडे. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा घरोघरी सुकट-सोडे असतात. प्रथिने त्यात भरपूर, पण मीठही भरपूर. मूत्रपिंडाचा अहवाल हाती येईपर्यंत ते बाजूला ठेवलेले बरे. ताजा मासा मिळाला तर कमी तेला-तिखटाचे कालवण चालते.

शहाळे हा इथला मानाचा उपचार. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण एक घेऊन येतो आणि दिवसात चार-पाच पोटात जातात. एका शहाळ्यात साधारण दहा ग्रॅम साखर असते, ती फार नाही. प्रश्न पोटॅशियमचा आहे. लेप्टोत सुरुवातीला पोटॅशियम अनेकदा कमी असते, पण लघवी कमी झाली की ते साठून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा अहवाल पाहून डॉक्टर सांगतील तेवढेच.

पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा ओआरएस मधुमेहींनाही चालतो. लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते. फळांच्या चवीची तयार पेये वेगळी, त्यांत साखर कितीतरी जास्त.

उसाचा रस मात्र नको. मोठ्या पेल्यात तीसेक ग्रॅम साखर जाते. त्याहून मोठे नुकसान वेळेचे : डोळे पिवळे झाले म्हणजे ‘कावीळ’, कावीळ म्हणजे झाडपाल्याचे औषध आणि रस, असे करता करता तीन-चार दिवस जातात. लेप्टोत कावीळ दिसली तर मूत्रपिंडही त्याच वेळी बिघडत असू शकते. पोटऱ्या दुखणारा ताप आणि पिवळे डोळे एकत्र आले, तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय साधारण १७ किलोमीटरवर आहे, वाट पाहू नये.

डॉक्सीसायक्लिन दुधासोबत घ्यावी का?

पोटात जळजळ नको म्हणून गोळी दुधासोबत देतात. दुधातील कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि ते कमी शोषले जाते. लोहाच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची पातळ औषधे तर जास्तच अडवतात. त्यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. गोळी थोडे खाऊन, पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते. या दिवसांत उन्हाने कातडीही लवकर भाजते.

साखर उतरली तर?

७०च्या खाली आकडा आला आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ग्लुकोजची पावडर खरी इथे कामाची. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ला फोन करावा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा रुग्ण साखरपाण्याने उठून बसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. गोळीचा असर दिवसभर टिकतो, मूत्रपिंड मंद असेल तर त्याहून जास्त, आणि काही तासांनी साखर पुन्हा घसरते. आकडा सतत तीनशेच्या वर, उलट्या आणि खोल श्वास असतील तरीही घरी थांबू नये.

ताप गेल्यावर भूक परत येते, साखरेचे गणित पुन्हा बदलते. आजारपणात वाढवलेले इन्सुलिन तेव्हा कमी करावे लागते, आणि थांबवलेली मेटफॉर्मिन क्रिएटिनिन पुन्हा तपासून मगच सुरू करतात. ती तपासणी लांबणीवर टाकून जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत.