आंतरलिंगी आणि पारलिंगी : दोहोंतील भेद

मूल जन्मास येताच पहिला प्रश्न विचारला जातो तो मुलगा की मुलगी, हा. क्वचित प्रसंगी सुईणीला वा परिचारिकेला त्याचे उत्तर चटकन देता येत नाही. मग घरात कुजबूज सुरू होते, मूल लपविले जाते आणि ‘तृतीयपंथी निपजले’ असा निवाडा गावच करून टाकते. हा निवाडा शास्त्राला धरून तर नाहीच. प्रसंगी तो बालकाच्या जिवावर बेततो.

गर्भाच्या पहिल्या सुमारे सहा आठवड्यांत मुलगा व मुलगी यांच्या जननेंद्रियांची मूळ ठेवण एकच असते. पुढे गुणसूत्रे, ग्रंथी आणि त्यांतून पाझरणारी संप्रेरके, म्हणजेच हॉर्मोन, यांच्या कार्यामुळे ती दोन दिशांनी वाढते. या साखळीतील एखादी कडी वेगळी पडली, की शरीराची घडण रूढ अर्थाने पुरुषाची वा स्त्रीची राहत नाही. अशा व्यक्तीस आंतरलिंगी म्हणतात. हे वेगळेपण जन्मतः दिसतेच असे नाही. एखादी मुलगी सर्व बाजूंनी मुलगीच दिसते. परंतु सोळा-सतरा वर्षांची झाली तरी तिला ऋतुप्राप्ती होत नाही आणि तपासणीत तिची गुणसूत्रे पुरुषांप्रमाणे एक्सवाय आढळतात. तिच्या पेशी पुरुषी संप्रेरकांना प्रतिसादच देत नसतात.

सर्वांत सावध राहावयास हवे ते मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकाराबाबत. त्यात कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही, पुरुषी संप्रेरके मात्र वाढतात. परिणामी गर्भाशय असलेल्या मुलीचे बाह्यांग मुलासारखे दिसू शकते. तीव्र प्रकारात शरीरातील मीठ लघवीवाटे निघून जाते. ओकाऱ्या व सुस्ती येते, मूल सुकत जाते आणि उपचाराअभावी दगावते. औषध आयुष्यभर घ्यावे लागते, पण ते घेऊन ही मुले वाढतात, शिकतात, संसारही करतात.

पारलिंगी व्यक्तीची गोष्ट निराळी. तिची शरीररचना बहुधा सर्वसाधारणच असते. जन्मसमयी नोंदलेले लिंग आणि स्वतःची आंतरिक ओळख यांचा मेळ मात्र नसतो. ही ओळख ज्याची त्याने ठरवावयाची, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्पष्ट केले. २०१९ च्या केंद्रीय अधिनियमाने पारलिंगी व्यक्तीच्या व्याख्येतच आंतरलिंगींचाही समावेश केला. हेतू संरक्षणाचा होता खरा, पण त्यामुळे गैरसमजास खतपाणीच मिळाले, असे म्हणावे लागते. अनेक आंतरलिंगी माणसे पुरुष वा स्त्री म्हणूनच जगतात.

अर्भकाचे ‘लिंग निश्चित करण्यासाठी’ घाईने शस्त्रक्रिया करण्याची प्रथाही तपासली गेली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या निर्णयानंतर तमिळनाडू शासनाने त्याच वर्षी, जिवास धोका असल्याखेरीज, अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. मूल मोठे होऊन स्वतः सांगू शकेल, तोवर थांबता येते.

तपासणीला मात्र थांबता येत नाही. जन्माची खबर देण्यास कायद्याने २१ दिवसांची मुदत आहे. मिठाचा ऱ्हास बहुधा त्याआधीच जिवावर आलेला असतो.