ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये

घरात कर्करोगाचे निदान झाले की शस्त्रक्रिया, औषधे आणि खर्च यांचा विचार सारे कुटुंब करते. परंतु केमोथेरपी घेऊन रुग्ण घरी परतल्यावर काय सांभाळावे, याची चर्चा क्वचितच होते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हा धडा आवर्जून शिकविला जातो. तो प्रत्येक कुटुंबालाही ठाऊक असावा.

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंचा प्रतिकार सर्वांत आधी करतात. रक्तातील त्यांचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. म्हणून हाडांतील मज्जा त्या अखंड निर्माण करीत असते. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तशाच मज्जेतील, केसांच्या मुळांतील आणि तोंडाच्या अस्तरातील पेशीही असतात. म्हणून केस गळतात, तोंड येते आणि न्यूट्रोफिल घटतात. पहिल्या दोन गोष्टी दिसतात; तिसरी दिसत नाही.

बऱ्याच औषधांनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत ही संख्या सर्वांत खाली जाते. निरोगी प्रौढाच्या एक मायक्रोलिटर रक्तात सामान्यतः 1500हून अधिक न्यूट्रोफिल असतात. ती संख्या 500च्या खाली गेली, की साधा संसर्गही प्राणघातक ठरू शकतो. पू मुख्यत्वे याच पेशींचा बनत असल्याने अशा वेळी पू किंवा सूज फारशी दिसत नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते.

म्हणून थर्मामीटर 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक दाखवील, अथवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरेल, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. स्वतःच्या मनाने तापाची गोळी देऊ नये; तिने ताप झाकला जातो, संसर्ग मात्र वाढत राहतो. पोहोचताच ‘केमोथेरपी चालू आहे’ हे प्रथम सांगावे. अशा रुग्णाला तासाभरात प्रतिजैविक मिळणे अत्यंत महत्त्वाचे असते.

घरी सर्वांनी साबणाने वारंवार हात धुवावेत. रुग्णाला ताजे शिजविलेले अन्न द्यावे आणि दात घासण्यास मऊ ब्रश द्यावा. गुदमार्गाने ताप मोजू नये. सर्दी-खोकला असलेल्या आप्तांनी फोनवरूनच विचारपूस करावी. त्यात अनादर नाही, आपुलकीच आहे.

उपवास, एकाशन किंवा सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम रुग्णाला पाळावयाचा असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा. शरीरातील पाणी कमी होणे या काळात अपायकारक ठरते.

रात्री कोणाला कशाला त्रास द्यावा, या संकोचापायी मोलाचे तास निघून जातात. रुग्णाची फाइल, थर्मामीटर आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक एकाच जागी ठेवावा, आणि ती जागा घरातील प्रत्येकाला माहीत असावी.