आर्क्टिकच्या आईचं दूध

कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा इन्युइट लोकांचा मुलूख आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यात संशोधक डॉ. एरिक देवाई यांना दक्षिण क्विबेकमधल्या आयांच्या दुधाशी ताडून पाहायला निर्मळ दूध हवं होतं. नुनाविकमध्ये ना कारखाने, ना शेती. तिथलं दूध स्वच्छच असणार, असं त्यांनी धरलं. निघालं उलटंच. एकेकाळी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात सर्रास वापरली जाणारी पीसीबी ही रसायनं तिथल्या दुधात दक्षिणेच्या सुमारे ५ पट सापडली.

ती तिथवर पोचली कशी? कपाटातली डांबराची गोळी आठवा. कुणी हात न लावताही ती झिजते, कारण ती हवेत विरत असते. पीसीबी, डीडीटी आणि आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची बीएचसी पावडर यांचंही तसंच, फक्त बरंच सावकाश. उन्हात ती उडतात, गारवा लागला की खाली बसतात, ऊन पडलं की पुन्हा उडतात. असे टप्पे घेत ती उत्तरेला सरकतात. भाताच्या पातेल्यातली वाफ गार झाकणाला धरते, तसं आर्क्टिक या रसायनांचं गार झाकण होतं.

तिथल्या पाण्यात त्यांचं प्रमाण नगण्य असतं. पण ती पाण्यापेक्षा चरबीत मुरतात आणि वर्षानुवर्षं मोडत नाहीत. सूक्ष्म शेवाळ, ते खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारे मासे, मग सील आणि बेलुगा देवमासा: दर पायरीला साठा वाढत जातो. बेलुगाची कातडी आणि तिला चिकटलेली चरबी म्हणजे 'मत्तक'. त्याचे तुकडे इन्युइट सहसा कच्चेच चघळतात. भाजीपाला नसलेल्या प्रदेशात 'क' जीवनसत्त्व त्यातूनही मिळत आलं. त्याच घासातून आईच्या अंगात पीसीबी साठतं आणि दुधातून बाळाला जातं.

आता आईला सांगायचं काय? केवळ रसायनतज्ज्ञ असता तर 'मत्तक बंद' म्हणून मोकळा झाला असता. पण पोषणतज्ज्ञांना त्यातलं ओमेगा-३ दिसत होतं, विमानाने येणारं दुकानातलं अन्न महाग होतं, आणि शिकार वाटून खाण्यावर तिथली नाती उभी आहेत. म्हणून मत्तक सोडायला न सांगता, अंगावर पाजणंही थांबवू नका, असंच सांगितलं गेलं. ते योग्यच होतं. पुढे गरोदर बायांना अन्नसाखळीत खाली असलेला 'आर्क्टिक चार' मासा पुरवण्याचा उपक्रमही झाला.

भारताने बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी घातली. २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, त्यात आर्क्टिकच्या लोकांचा खास उल्लेख आहे. नुनाविकच्या आयांच्या रक्तातलं पीसीबी त्यानंतर बरंच घटलं. आता मात्र समुद्रावरचा बर्फ मागे हटतो आहे, आणि बर्फात नि थंड पाण्यात अडकलेली जुनी रसायनं पुन्हा हवेत येत आहेत.

तुमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात बीएचसीचं जुनं पोतं पडलं असेल, तर ते जाळू नका, पुरू नका. कृषी खात्याला कळवा.