अल्कोहोलवरची बॅन्शी: कार्बोरेटरचं गणित

अमेरिकेत वाळूवरच्या ड्रॅग शर्यतींसाठी यामाहा बॅन्शी ही एटीव्ही (३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर) मिथेनॉल या अल्कोहोलवर चालवतात.

● इंधन: वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला ६.४. म्हणजे इंधन दुपटीहून जास्त.

● निवड: कार्बोरेटरचा नुसता मेन जेट वाढवून भागत नाही. नीडल व्हॉल्व्हचं भोकही मोठं हवं. नाहीतर फुल थ्रॉटलला फ्लोट बाउल रिकामा पडतो.

● ट्यूनिंग: सुरुवात मिश्रण रिच (इंधन जास्त) ठेवून करावी. एका वेळी एकच जेट बदलत, एक्झॉस्टचं तापमान पाहत लीनकडे (इंधन कमी) यावं. घाई केली, की पिस्टनला भोक पडलंच समजा.

● निगा: मिथेनॉल ओलावा शोषतं, अ‍ॅल्युमिनियम खातं. शर्यत संपली, की कार्बोरेटर पेट्रोलने धुवावा.

● सावधान: मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळपास दिसतच नाही.