लाल किल्ल्याच्या बराकीतील युद्धस्मृती : काय पाहावे, काय विचारावे

नवी दिल्ली : लाल किल्ला पाहण्यास आलेला पर्यटक लाहोरी दरवाजातून आत शिरतो, छत्ता चौकातील दुकाने ओलांडतो आणि बहुधा मार्गदर्शकाच्या मागोमाग थेट दिवाण-ए-आमकडे निघतो. वाटेत दिसणाऱ्या ब्रिटिशकालीन उंच बराकी मोगल महालांच्या मानाने रूक्षच. त्यांच्यासाठी थांबण्याची सवड फारशी कोणाला नसते. मात्र नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद फौजेचे संग्रहालय याच बराकींमध्ये आहे आणि १९४५ च्या हिवाळ्यात साऱ्या देशाला ढवळून काढणारा फौजेचा खटलाही याच किल्ल्यात चालला.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ल्यातील बऱ्याच मोगल इमारती पाडल्या आणि तेथे आपल्या सैन्यासाठी या बराकी उभारल्या. स्वातंत्र्यानंतरही किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडेच होता. २००३ मध्ये तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आला. नेताजींचे संग्रहालय २३ जानेवारी २०१९ रोजी खुले झाले. १८५७ चा संग्राम तसेच जालियनवाला बाग आणि पहिले महायुद्ध यांवरील दालनेही त्याच वेळी सुरू झाली. या समूहाला ‘क्रांती मंदिर’ असे नाव आहे.

नेताजींनी वापरलेली लाकडी खुर्ची व तलवार, फौजेचे गणवेश, पदके आणि बिल्ले येथे मांडले आहेत. मार्गदर्शकाचे निवेदन अशा ठिकाणी साहजिकच वीररसाकडे झुकते. खटल्याचा कायदेशीर मुद्दा त्यात सहसा मागे पडतो, म्हणून तो मुद्दाम विचारावा.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ब्रिटिशांच्या सेवेतील हजारो भारतीय सैनिक जपानचे युद्धकैदी झाले. त्यांतील अनेक जण आझाद हिंद फौजेत दाखल झाले. युद्ध संपल्यावर शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन या तीन अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवण्यात आला. ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुनावणी सुरू झाली. पंडित नेहरूंनी कैक वर्षांनी वकिलीचा झगा अंगावर चढवला, याची चर्चा तेव्हा फार झाली. परंतु बचावाचा खरा भार वाहिला तो मुंबईचे विख्यात विधिज्ञ भुलाभाई देसाई यांनी. आझाद हिंद सरकारने रीतसर युद्ध जाहीर केले होते, त्यामुळे त्याच्या सैनिकांना आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार युद्धरत पक्षाचे हक्क मिळतात, आणि देश स्वतःच्या मुक्तीसाठी लढत असताना परक्या राजाशी घेतलेली शपथ आड येऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

न्यायालयाने तो मानला नाही. तिघांनाही जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा आणि सैन्यातून बडतर्फी सुनावण्यात आली. मात्र सरसेनापती ऑकिनलेक यांनी बडतर्फी कायम ठेवून जन्मठेप माफ केली. ३ जानेवारी १९४६ रोजी तसे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौसैनिकांनी बंड केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांमध्ये फौजेच्या कैद्यांची सुटका हीदेखील होती.

मराठी पर्यटकाने या दालनांत जगन्नाथराव भोसले यांच्याविषयी आवर्जून विचारावे. सावंतवाडी परिसरातील हे अधिकारी नेताजींच्या हंगामी सरकारचे सदस्य होते आणि फौजेतही वरिष्ठ पदावर होते. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फौजेतील महिलांच्या पलटणीला तर झाशीच्या राणीचेच नाव होते.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपूरवर चालून आले. आझाद हिंद फौजेच्या तुकड्या या मोहिमेत त्याच्या बरोबरीने होत्या. त्याच वेळी उखरूलजवळच्या संगशाक येथे जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती. त्याच वर्षी जुलैमध्ये इटलीत धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही माणसे शपथेला जागून लढली, त्यांच्याच पिढीतील इतरांनी ती मोडली. संग्रहालयाचा विषय दुसऱ्या गटाचा आहे हे खरे. तरी कोकणात वा साताऱ्यात ज्यांच्या घरी दुसऱ्या महायुद्धातील पदके जपून ठेवलेली आहेत, त्यांना ही दालने अपुरी वाटण्याचा संभव आहे.

किल्ल्याला लागूनच असलेल्या सलीमगडात फौजेचे कैदी ठेवले जात. सोळाव्या शतकातील या गडाला आता स्वातंत्र्यसेनानी स्मारक म्हणतात. तेथील प्रवेशाची चौकशी आधीच करून घ्यावी. मार्गदर्शक ठरवतानाच बराकींतील संग्रहालये पाहायची आहेत असे स्पष्ट सांगावे, अन्यथा फेरी महालांपुरतीच आटोपते. किल्ला सोमवारी बंद असतो. मेट्रोच्या व्हायोलेट मार्गावरील लाल किला स्थानक सर्वांत जवळचे.